एक्सफॅटवरची २ टीबी डिस्क: काही महिन्यांनंतर

घरात विंडोजचा डेस्कटॉप, मुलीचं मॅकबुक आणि जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स. तिघांत मिळून एकच डिस्क घ्यायची हे ठरलेलं. प्रश्न फॉरमॅटचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचा. विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट ठेवला तर मॅकवर नुसतं वाचता येतं. लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते बहुधा पैसे मागतं. कोण भरणार? जुन्या फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीची एक फाइल मावत नाही, म्हणजे मुंजीचा व्हिडिओ बाद. उरलं एक्सफॅट. उबुंटूलाही चाललं, वरून काही टाकावं लागलं नाही. सुरुवातीला मी भेटेल त्याला हेच सांगत होतो.

मग डिस्क टीव्हीला लावली. अभंगांच्या यादीत प्रत्येक नाव दोनदा! एक वाजतं, दुसऱ्यावर ‘फाइल चालत नाही’. त्या दुसऱ्याच्या नावाआधी ठिपका आणि खाली रेघ. मॅक फाइलसोबत स्वतःची जास्तीची माहिती जपतो. एक्सफॅटमध्ये तिला जागा नाही, म्हणून शेजारी ही पिल्लं टाकतो. तेही चाललं असतं, पण विंडोजवर प्रॉपर्टीज उघडून बघितल्या: साइज ४ केबी, साइज ऑन डिस्क १२८ केबी. फाइल कितीही छोटी असो, डिस्क १२८ केबीचा अख्खा ठोकळाच देते. अशा हजार पिल्लांमागे सव्वाशे एमबी पाण्यात! बायको म्हणते, २ टीबीत काय फरक पडतो. फरक पडतो. पैसे मोजलेत.

मॅकच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) डॉट-क्लीन (dot_clean) कमांडला ‘-m’ जोडून चालवली की पिल्लं साफ होतात. पुन्हा कॉपी केलं की पुन्हा हजर.

तरी मत बदललं ते वेगळ्याच कारणाने. कॉपी चालू असताना लाइट गेली. नंतर मॅकला डिस्क जोडली तर दिसेचना. मागे तपासणी चालू होती. बऱ्याच वेळाने डिस्क आली, शेवटचं फोल्डर अर्धवट. एनटीएफएस बदलांची नोंदवही ठेवतं, त्यामुळे असा धक्का बराचसा पचवतं. एक्सफॅटकडे तशी वही नाही. तेव्हापासून ही डिस्क फक्त ने-आण करायला; मूळ फोटो डेस्कटॉपवरच.

सगळं हलवून विंडोजवर पुन्हा फॉरमॅट केली, ‘अ‍ॅलोकेशन युनिट साइज’, म्हणजे तो ठोकळा, ३२ केबी ठेवून. पिल्लं आता चौथ्या हिश्शात भागतात. मॅकचं बॅकअप घेणारं टाइम मशीन मात्र एक्सफॅट घेतच नाही, त्यासाठी मुलीला वेगळी डिस्क हवी आहे. दिवाळीच्या सेलपर्यंत थांब म्हटलंय.