सीडीला नाव कधी द्यायचे? व्हिपर आणि एबीसीडीई यांची तुलना

घरातल्या ऑडिओ सीडी लिनक्स संगणकावर उतरवून घ्यायच्या असे मनावर घेतले की पर्याय बरेच दिसतात, पण संग्रह मोठा असेल तर शेवटी हुकूम टंकून चालवायच्या साधनांतली दोनच नावे उरतात: व्हिपर आणि एबीसीडीई. अ‍ॅसंडर किंवा साउंड ज्यूसर ही माउसने चालवायची साधने वाईट नाहीत. दहा-बारा सीडींचाच प्रश्न असेल तर त्यांतले कोणतेही घ्यावे आणि एका रविवारी काम उरकावे. माझ्याकडे तीनशेच्या आसपास सीडी होत्या. त्यांत ख्याल आणि नाट्यसंगीत होते, कन्नड वचने होती, शेजाऱ्यांनी गाव सोडताना दिलेली तेलुगू चित्रपटगीते होती आणि गड्डा यात्रेत होम मैदानावर किंवा पंढरपुरात देवळाबाहेर घेतलेल्या भजनांच्या सीडींचा मोठा ढीग होता. सोलापुरातल्या अनेक घरांत असाच संग्रह असेल असे गृहीत धरून हे लिहीत आहे. ज्यांच्याकडे सगळ्या सीडी नामांकित कंपन्यांच्याच आहेत, त्यांचा निर्णय कदाचित उलटा होईल.

व्हिपरची बाजू आधी मांडतो, कारण पहिले दोन महिने मी त्याच बाजूला होतो. दोघांच्याही पोटात सीडी वाचण्याचे काम सीडीपॅरानोइयाच्या घराण्यातले साधनच करते; फरक आहे तो पुढच्या तपासणीत. व्हिपर प्रत्येक गाणे दोनदा वाचतो, दोन्ही वाचनांचा मेळ घालतो आणि नंतर गाण्याचा चेकसम, म्हणजे त्यातल्या आकड्यांवरून काढलेली पडताळणीची खूण, अ‍ॅक्युरेटरिपच्या साठ्यातल्या नोंदींशी, म्हणजे तीच सीडी इतरांनी वाचून जमा केलेल्या चेकसमशी, ताडून पाहतो. तो जुळला की त्या सीडीची चिंता संपली. शिवाय सगळ्याचा लेखी वृत्तांत फोल्डरमध्ये राहतो, आणि हिशेबी स्वभावाच्या माणसाला याहून समाधानाची गोष्ट नाही.

मात्र हा मेळ बसायचा तर आपला ड्राइव्ह किती सॅम्पल (आवाजाचे सुटे नमुने) पुढे किंवा मागे वाचतो हे आधी शोधावे लागते, आणि त्यासाठी व्हिपरला अ‍ॅक्युरेटरिपमध्ये नोंद असलेली एखादी सीडी लागते. मी सकाळपासून एकामागून एक मराठी सीडी घालत बसलो, आणि एकीचीही नोंद सापडली नाही. दुपारी पुतण्याच्या कपाटात एक इंग्रजी गाण्यांची सीडी मिळाली, तेव्हा कुठे फरक निघाला, आणि तो होता सहा सॅम्पलचा. एका सेकंदात ४४,१०० सॅम्पल असतात, हे लक्षात घेतले तर ज्या गोष्टीसाठी अर्धा दिवस गेला तिचा आकार कळेल. त्या दिवशीच मला शंका यायला हवी होती: ज्या साठ्याच्या भरवशावर व्हिपर श्रेष्ठ ठरतो, त्यात माझ्या बहुतेक सीडी नव्हत्याच. दोनदा वाचण्याचा लाभ उरतो, हे मान्य आहे. पण त्यासाठी वेळही जवळपास दुप्पट लागतो.

तरीही मी व्हिपर सोडला नसता. सोडायला लावले ते नावांनी. व्हिपर गाण्यांची नावे म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या संगीत-माहितीच्या साठ्याला विचारतो; तिथे सीडी सापडली नाही तर तो काम थांबवतो, आणि अनोळखी सीडीही उतरव असे स्पष्ट सांगितले तरच पुढे जातो. मग गाणी उतरतात, पण बिननावाची, आणि फोल्डरवर ‘अननोन आर्टिस्ट’ व पुढे अर्थहीन अक्षरांची माळ, म्हणजे सीडीचे ओळखचिन्ह, असते. एका संध्याकाळी मी अशा अकरा भजनांच्या सीडी उतरवल्या, नावे उद्या घालू म्हणून सीडी आपापल्या वेष्टनांत परत ठेवल्या आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी समोर अकरा एकसारखे फोल्डर होते. ऐकून ओळखू म्हटले, तर वारकरी भजनाची रीत अशी की आरंभी ‘जय जय रामकृष्ण हरी’चा गजर आणि मागोमाग रूपाचा अभंग. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात अकरा मंडळींचे अकरा गजर ऐकून मी हात टेकले. शेवटी सगळ्या सीडी पुन्हा एकेक घालून ओळखचिन्हे जुळवावी लागली.

एबीसीडीई हे काम उलट क्रमाने करते. सीडी ओळखता आली नाही तर वाचायला सुरुवात करण्यापूर्वीच ती एक कोरा आराखडा आपल्या नेहमीच्या संपादकात उघडून देते. वरच्या ओळीत कलाकार, तिरपी रेघ आणि अल्बमचे नाव. खाली प्रत्येक गाण्याला एक ओळ. (ओळींची गणती शून्यापासून सुरू होते, म्हणून पहिले गाणे शून्य क्रमांकावर लिहायचे. मी एक अख्खी सीडी एका घराने सरकवून ठेवली होती.) वेष्टन हातात असते, सौभाग्यवती वाचून दाखवते, मी देवनागरीत टंकतो, फाइल जतन केली की ड्राइव्ह फिरू लागतो. सीडी बाहेर येते तेव्हा तिचे बारसे झालेले असते. ‘या वयात एबीसीडी शिकताय का?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक पाहुण्याकडून ऐकावा लागला.

तिचे दोष लपवण्यात अर्थ नाही. मूळ मांडणीत ती फाइलनावांतल्या मोकळ्या जागांऐवजी खालच्या रेघा घालते, आणि ‘कानडा_राजा’ अशी नावे पाहून डोळे दुखतात. ते सेटिंगच्या फाइलमध्ये एकदा बदलावे लागते. गाण्यांची नावे सीडीडीबी या जुन्या पद्धतीच्या साठ्याला विचारायला लावले तर चुकीची ओळखही पटते, कारण त्या पद्धतीचे ओळखचिन्ह गाण्यांची संख्या आणि त्यांच्या वेळा यांवरूनच बनते. माझी एक हरिपाठाची सीडी जर्मन नावे घेऊन आली होती. तेव्हा यादी न वाचता ‘होय’ म्हणू नये. जुन्या मार्गदर्शकांत सापडणारा फ्रीडीबीचा पत्ताही घालू नये, तो साठा २०२० साली बंद झाला. आणि ओरखडे पडलेल्या सीडीतून आलेले गाणे बिनचूक आहे याचा व्हिपरसारखा पुरावा इथे मिळत नाही. माझ्या कानांना फरक जाणवला नाही, पण माझे कान साठीचे आहेत.

दुसरीकडे, एकाच फेरीत फ्लॅक (आवाजातले काहीही न गाळता साठवणारा फाइल-प्रकार) आणि एमपी३ अशा दोन्ही प्रती एबीसीडीई काढून देते. व्हिपर फक्त फ्लॅक देतो. तुळजापूरला जाताना गाडीतल्या संगीतयंत्रावर फ्लॅक वाजत नाही आणि देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, त्यामुळे गाडीसाठी रोमन नावांची एमपी३ प्रत ठेवणे मला भाग होते. एप्रिलमध्ये मध्येच वीज गेली तरी उतरलेली गाणी ती पुन्हा वाचत नाही, हेही आमच्या भागात लहान सुख नाही.

पुढच्या टॅगिंगसाठी, म्हणजे फाइलींत गायक-अल्बमची माहिती भरण्यासाठी, पिकार्ड या साधनाची शिफारस सगळे करतात, आणि चित्रपटगीतांसाठी मीही करीन. पण त्याला आवाजावरून ओळखायला सांगितले की एकाच सीडीतले आठ अभंग पाच वेगवेगळ्या संकलनांत वाटले जातात, कारण तेच ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अनेकदा नव्या नावांनी विकलेले असते. मी किड३ हे माहिती हाताने भरायचे साधन वापरतो. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या लेखी तीन गायक असतात. किड३मध्ये सगळ्या फाइली निवडून कलाकाराचा रकाना एकदाच भरला की ते एक होतात. फ्लॅकमध्ये राग आणि ताल यांचे स्वतंत्र रकानेही करता येतात. रकान्याचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, आतला मजकूर ‘मारुबिहाग’ असा देवनागरीत चालतो.

ज्यांना चिकाटी आहे त्यांनी आपली सीडी म्युझिकब्रेन्झवर स्वतः नोंदवावी आणि मग व्हिपर चालवावा, हा खरे तर सर्वांत सरळ मार्ग. मी चार सीडींपर्यंत तो चाललो. आजही वाद्यसंगीताच्या मोठ्या कंपन्यांच्या सीडी मी व्हिपरनेच उतरवतो. यात्रेतल्या ढिगाला मात्र त्याच्या हाती पुन्हा दिले नाही. त्यातल्या काही सीडी उघडल्यावर आत एमपी३ फाइलीच निघाल्या, त्या नुसत्या कॉपी केल्या. आणि तीन वेष्टनाविना आहेत, त्यांच्यासाठी येत्या एकादशीला शेजारच्या भजनी मंडळाच्या बुवांना चहाला बोलावले आहे.