‘फुल स्टॅक ओपन’चा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह भाग : मोफत, कसदार, पण तयारी मागणारा

एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी अ‍ॅप तयार करायला शिकवणारे ऑनलाइन अभ्यासक्रम आता इतके झाले आहेत की, नव्याने शिकू पाहणारा विद्यार्थी बहुधा रेटिंग आणि सवलतीची किंमत पाहूनच निवड करतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. अभ्यासक्रम शेवटचा कधी सुधारला गेला, आणि तो विद्यार्थ्याकडून किती काम करून घेतो? या दोन्ही कसोट्यांवर मला हेलसिंकी विद्यापीठाच्या ‘फुल स्टॅक ओपन’ या मोफत अभ्यासक्रमाचा दहावा, म्हणजे रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा भाग सर्वांत भरवशाचा वाटतो. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरून दोन्ही फोनसाठी अ‍ॅप करण्याचे साधन म्हणजे रिअ‍ॅक्ट नेटिव्ह.

व्हिडिओ पाहून शिकण्याची सवय असलेल्यांना हा भाग सुरुवातीला कोरडा वाटेल, कारण येथे सारा भर लेखी धड्यांवर आणि स्वाध्यायांवर आहे. एकूण २७ स्वाध्यायांमधून गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील प्रकल्पांना गुण आणि अभिप्राय देणारे एकच अ‍ॅप टप्प्याटप्प्याने उभे राहते. उत्तरे गिटहबवर ठेवून सादर करावी लागतात आणि प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. दर धड्याला नवे खेळण्यासारखे अ‍ॅप करून सोडून देण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली आहे, कारण तिसऱ्या टप्प्यात केलेली ढिसाळ रचना विसाव्या टप्प्यात आपल्यालाच नडते आणि ती निस्तरताना खरे शिक्षण होते.

शिकवण्याचा दर्जा छोट्या गोष्टींत दिसतो. संगणकावर चालणाऱ्या सर्व्हरकडून माहिती मागवताना नवशिका पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ लिहितो. तेच अ‍ॅप एक्स्पो या रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या साधनसंचातील ‘एक्स्पो गो’ या चाचणी-अ‍ॅपमधून प्रत्यक्ष फोनवर उघडले की माहिती येत नाही, कारण फोनच्या दृष्टीने ‘लोकलहोस्ट’ म्हणजे फोन स्वतःच असतो. त्यामुळे वायफायवरील संगणकाचा, सहसा १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारा आयपी पत्ता द्यावा लागतो. एरवी संध्याकाळ खाणारी ही अडचण धड्यात वेळीच आणि नेमकी समजावली आहे. फ्लेक्सबॉक्सने होणारी पडद्यावरील घटकांची मांडणी आणि दोन प्लॅटफॉर्मना वेगवेगळे फॉन्ट देणे याकडेही असेच लक्ष दिले आहे. शेवटच्या धड्यातील चाचण्या आणि यादी खाली सरकवली की पुढच्या नोंदी आणणारे, कर्सरवर (शेवटच्या नोंदीच्या खुणेवर) आधारित पेजिनेशन हा तर मला या भागाचा सर्वांत कसदार मजकूर वाटतो, कारण नोकरीत पहिल्याच महिन्यात लागणारे हे काम बरेच अभ्यासक्रम दोन वाक्यांत उरकतात.

मात्र हा भाग थेट सुरू करता येत नाही. रिअ‍ॅक्टचे हुक (फंक्शनमधूनच घटकाची स्थिती सांभाळण्याची सोय) आणि जावास्क्रिप्टमधील असिंक, म्हणजे उत्तरासाठी अडून न राहणारा, कोड हातात बसलेला नसेल, तर दुसऱ्याच धड्यात दमछाक होते. सर्व्हरशी संवाद ग्राफक्यूएल ही माहिती मागवण्याची भाषा आणि अपोलो ही तिच्यासाठीची लायब्ररी यांच्या साहाय्याने होत असल्याने आठवा भागही आधी वाचलेला बरा. ज्याने आजवर प्रोग्रामिंगच केलेले नाही, त्याने याच अभ्यासक्रमाचे सुरुवातीचे भाग करावेत आणि त्यासाठी काही महिने द्यावेत.

तारीख तपासण्याचा आग्रह मी का धरतो, हे हार्वर्डच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हवरील मोफत अभ्यासक्रमावरून कळते. त्याची १३ व्याख्याने स्पष्टता आणि क्रम या दोन्ही बाबतींत आजही ऐकण्याजोगी आहेत, पण ती २०१८ मधली आहेत. हुक २०१९ च्या फेब्रुवारीत आले, म्हणजे त्या व्याख्यानांतील क्लास कंपोनंटची, म्हणजे पडद्यावरील घटक क्लासमधून लिहिण्याची, पद्धत नव्या प्रकल्पांत क्वचितच भेटते. संकल्पनांसाठी ती व्याख्याने जरूर ऐकावीत, पण कोड तेथून उचलू नये. फ्लटर हे गूगलचे अशाच कामाचे साधन शिकायचे असेल तर ही कसोटी आणखी सोपी आहे. विनामूल्य दाखवलेल्या नमुना धड्यात ‘रेझ्डबटन’ हे बटणाचे विजेट (पडद्यावरील तयार घटक) दिसले, तर तो अभ्यासक्रम विकत घेऊ नये, कारण ते विजेट फ्लटरमधून केव्हाच काढले गेले आहे. नल सेफ्टी (रिकाम्या मूल्यांमुळे होणाऱ्या चुका आधीच पकडणारी सोय) येण्यापूर्वी लिहिलेला कोडही फ्लटरच्या डार्ट भाषेच्या २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीवर चालत नाही. ज्यांनी मायक्रोसॉफ्टचे झॅमरिन हे तशाच कामाचे साधन निवडले होते त्यांचा तर मार्गच संपला, कारण त्याचे समर्थन १ मे २०२४ रोजी बंद झाले.

आता उणिवा. कॅमेरा, लोकेशन आणि नोटिफिकेशन यांवर येथे स्वाध्याय नाहीत, आणि तयार झालेले अ‍ॅप स्टोअरपर्यंत कसे न्यायचे हे विद्यार्थ्याला अन्यत्र शिकावे लागते. ही उणीव मला मोठी वाटते. गूगल प्लेचे खाते एकदाच २५ डॉलर भरून मिळते, तर अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. शिवाय गूगलवर नवे वैयक्तिक खाते काढणाऱ्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आयफोनचे अ‍ॅप स्वतःच्या संगणकावर बांधायचे तर मॅक लागतो, आणि तो नसेल तर एक्स्पोच्या क्लाउड बिल्ड सेवेचा आधार घ्यावा लागतो. या सगळ्यासाठी एक्स्पोची अधिकृत दस्तऐवजे पुरेशी आहेत आणि तीही मोफत आहेत.

मराठी अ‍ॅप करू इच्छिणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. धड्यातील नमुने रोमन अक्षरे गृहीत धरून केलेले आहेत. ओळीची उंची तेवढीच घट्ट ठेवली, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाण्याची शक्यता असते. म्हणून ‘लाइनहाइट’ सैल ठेवून ‘कर्तृत्व’, ‘हृदय’, ‘र्‍हस्व’ असे शब्द दोन्ही प्रकारच्या फोनवर प्रत्यक्ष पाहून घ्यावेत आणि मगच पुढच्या स्वाध्यायाकडे वळावे.