समोरचा दात तुटला म्हणून लगेच काढू देऊ नका

दहावीतल्या मुलाचा दात काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर नकली दात) बसवू, असं कोणी डॉक्टर म्हणाला तर तिथून उठून या. नागपुरात धरमपेठेतल्या एका क्लिनिकने माझ्या ताईकडून असेच 15,000 रुपये उकळले, म्हणून हे लिहितेय.

क्रिकेटचा बॉल लागून भाच्याचा वरचा समोरचा दात निम्म्याहून जास्त तुटला. ताईने तुकडा शोधून दुधात घालून नेला होता. असा ओला ठेवलेला तुकडा कधीकधी परत चिकटवता येतो. तिथे तो सरळ कचऱ्यात गेला. एक्स-रे स्क्रीनवर क्षणभर दाखवला आणि म्हणाले, "मूळ उभं तडकलंय, आता काढावाच लागेल. आजच पैसे भरले तर सवलत." पोराचं तोंड रक्ताने माखलेलं, अशा वेळी कोणती आई हुज्जत घालेल? एक्स-रेची प्रत दिली नाही. पावती साध्या कागदावर, पैसे कशाचे तेही लिहिलेलं नाही.

नशीब, दात काढायची तारीख पुढची होती. आम्ही त्याला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. नव्या एक्स-रेत मूळ शाबूत, हिरडीच्या वर पुरेसा दात शिल्लक. नस उघडी पडली होती, म्हणून रूट कॅनॉल केलं, मुळात आधाराला फायबरचा पोस्ट, म्हणजे बारीक काडी, बसवला आणि दाताच्या रंगाच्या फिलिंगने दात उभा केला. कॅप पुढे बसवतील.

आणि इम्प्लांट जबड्याची वाढ संपेपर्यंत बसवतच नाहीत. हाडात रोवलेला स्क्रू जागचा हलत नाही, शेजारचे दात मात्र वाढीबरोबर खाली येतात आणि नकली दात वरच राहून आखूड दिसतो. हे दंतवैद्याला माहीत नसेल? मला राग याचाच येतो.

मूळ खरंच उभं तडकलं असेल तर बहुतेक वेळा दात काढावाच लागतो, म्हणूनच ही थाप खपते. पण साध्या एक्स-रेत अशी चीर पुष्कळदा दिसतही नाही. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका, आणि स्क्रीनवरच्या एक्स-रेचा फोटो तिथल्या तिथे काढून घ्या.

पैसे अजून परत आलेले नाहीत. लेखी मागणीला उत्तर नाही, त्यामुळे आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तुमच्याकडेही अशी कच्ची पावती असेल तर ती फेकू नका, आणि फोनवरून पैसे दिले असतील तर ती नोंदही जपून ठेवा.