घबराटीचा झटका आणि विमा: साधी पॉलिसी की ओपीडी कव्हर?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं. पण साध्या पॉलिसीत बहुधा रुग्णालयात 24 तास भरती लागते. सोलापुरात रात्री झटका आला, इंजेक्शन घेऊन दोन तासांत घरी परतलात, तर खर्च तुमचाच. भरती झालात, तर आधीच्या साधारण 30 दिवसांची त्याच आजाराची तपासणी, औषधं यांचा खर्च मिळू शकतो. त्या पावत्या फेकू नका!

ओपीडी कव्हरमध्ये, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांच्या विम्यात, भरतीची अट नसते, मात्र वार्षिक मर्यादा छोटी असते. समुपदेशन त्यात आहे का, हे आधी लेखी विचारा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक किंवा निदान नसलेली चिठ्ठी हमखास अडकते. डॉक्टरांकडे वारंवार फेऱ्या होणाऱ्यांनी ओपीडी कव्हर घ्यावं, पण साध्या पॉलिसीच्या जोडीला.

संकटात आधी 14416, टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत.