‘एका दिवसात कोल्हापूर दर्शन’ : आमचे २१,९६० रुपये कसे गेले

‘एसी गाडी, अनुभवी गाइड, व्हीआयपी दर्शन, जेवणासह माणशी फक्त १,३५० रुपये’, असा कोल्हापूर दर्शनाचा मेसेज तुमच्या घरी येणाऱ्या कुणा पाहुण्याला आला असेल, तर आधी त्यांना फोन लावा आणि एक पैसाही पाठवू नका म्हणून सांगा. आमचे २१,९६० रुपये गेले. मी कोल्हापूरचाच. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी शिरोली एमआयडीसीत. आणि माझ्याच गावात माझ्या सत्तरी ओलांडलेल्या मामांना पन्हाळ्यावर उतरवून गाडी निघून गेली. ही गोष्ट नातेवाइकांत सांगताना अजून जीभ जड होते.

मामा-मामी अमरावतीहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने आले होते. सोबत त्यांची मुलगी, जावई, दोन नातवंडं, मामीची बहीण आणि तिचे यजमान, असे आठ जण. मी स्वतः फिरवणार होतो, पण त्याच रविवारी कंपनीत ऑडिटसाठी बोलावलं. म्हणून गाडी आणि गाइड बघायला घेतलं. एका ग्रुपवर जाहिरात आली होती, खाली चार-पाच जणांनी ‘मस्त सर्व्हिस’ लिहिलेलं होतं. फोन लावला तर पलीकडे पक्का कोल्हापुरी आवाज. “काय टेन्शन घिऊ नका साहेब, आपलंच गाव हाय. पाव्हण्यास्नी राजासारखं फिरवतो.” कुणीही विश्वास ठेवला असता. परक्या भाषेत बोलला असता तर मी चार प्रश्न जास्त विचारले असते.

त्याने कार्यक्रमाचा कागद पाठवला, आणि तो कागद मी त्यानंतर इतक्यांदा बघितलाय की आता पाठ झालाय. अंबाबाई, नवा राजवाडा, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ, नरसोबाची वाडी, खिद्रापूर. सकाळी सात ते रात्री आठ. कोल्हापूरच्या माणसाने ही यादी एकदा नीट वाचली तरी कळतं की हे होणं नाही. पन्हाळा-जोतिबा वायव्येला वीसेक किलोमीटर, कणेरी दक्षिणेला हायवेवरून, वाडी पूर्वेला पंचेचाळीसेक किलोमीटर आणि खिद्रापूर त्याच्याही पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. त्यात रविवार, म्हणजे जोतिबाचा वार. डोंगरावर गाडी लावायला जागा मिळेपर्यंतच तास जातो. तो कागद माझ्या हातात होता. मी ठिकाणांची नावं वाचली, पण रस्ता डोळ्यांसमोर आणला नाही, कारण डोक्यात ऑडिटच्या फाइली होत्या आणि मामींनी “खिद्रापूर आहे ना रे त्यात?” एवढंच विचारलं होतं. तिथल्या कोपेश्वर देवळाचा स्वर्गमंडप बघायचा म्हणून त्या मागे लागल्या होत्या. खिद्रापूर होतं. मी हो म्हणालो.

दुसरी खूण पैसे पाठवताना दिसली. क्यूआर कोड स्कॅन केला तर टूर कंपनीचं नाव न येता कुणा बाईचं नाव आलं. मी तिथल्या तिथे विचारलं. “आमच्या पार्टनरच्या मिसेसचं खातं हाय, जीएसटीचं काम चालू हाय म्हणून.” आता हे वाचून कुणी हसेल, पण आपल्याकडे निम्मे छोटे धंदे घरच्या माणसाच्या खात्यावर चालतात, भाजीवाल्यापासून मेसपर्यंत. मी अॅडव्हान्स ५,४०० रुपये पाठवले. बाकीचे ५,४०० रुपये गाडी दारात आल्यावर मामांनी रोख दिले. रोख रकमेची पावती मागितली तेव्हा छापील पावतीवर सही मिळाली, शिक्का नाही. सातची गाडी नऊ वीसला आली होती, सगळे तयार होऊन जिन्यात उभे, आणि मी कंपनीत. मी दारात असतो तर गाडीची नंबरप्लेट पांढरी आहे हे बघितल्याबरोबर परत पाठवली असती. भाड्याने प्रवासी नेणारी गाडी (इलेक्ट्रिक सोडून) पिवळ्या प्लेटचीच हवी. एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवा, कारण पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून भाड्याने जाताना अपघात झाला तर विम्याच्या वेळी तुमचे हाल कुत्रं खाणार नाही.

पुढचं सगळं मला मामांनी आणि जावयांनी सांगितलं.

देवळाजवळ गाइडने व्हीआयपी दर्शनाचे माणशी ३०० रुपये वेगळे मागितले. ‘समाविष्ट’ असं कागदावर असताना! “ते गाडीचं, हे आतल्या माणसाचं,” म्हणाला. २,४०० रुपये घेतले आणि आठही जणांना मुखदर्शनाच्या रांगेतून नेऊन आणलं. मुखदर्शनाला कुणालाच पैसे पडत नाहीत, लांबून दर्शन घ्यायचं आणि पुढे सरकायचं. मामींना वाटलं हेच व्हीआयपी. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “देवी फार लांब होती रे.” तेव्हा मला कळलं काय झालंय ते.

मग चपला. भवानी मंडपाच्या आसपास चपलांची एवढी दुकानं, चालत पाच मिनिटं, तिथे न नेता हायवेच्या बाजूला एका दुकानात नेलं. तिथे दीड तास. मामांनी एक जोड २,८०० रुपयांना घेतला, दुकानदाराने ‘जीआय टॅगवाला अस्सल माल’ म्हणून दिला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला हे खरं आहे. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून तो आहे. पण टॅगची गोष्ट सांगितल्याने चप्पल अस्सल होत नाही. रात्री मी ती उलटी करून बघितली. टाचेच्या कडेला एका दिवसात वरचा पापुद्रा सुटला होता, आत पुठ्ठ्यासारखा भुगा आणि पिवळट डिंक. अस्सल चप्पल चामड्याच्या वादीने शिवलेली असते, तळही चामड्याचा, नाकाजवळ नेली की कातड्याचा वास येतो. हिला रंगाचा आणि रबराचा वास होता. मामांच्या पायाच्या बोटांना तांबडा रंग लागला होता, साबणाने गेला नाही. गाइडने नेलेल्या दुकानात काहीही घेऊ नका. अगदी पाण्याची बाटलीसुद्धा.

जेवण ‘समाविष्ट’ होतं. हॉटेलात बसवून गाइड बाहेर गेला, बिल २,९६० रुपये मामांच्या हातात आलं. नवा राजवाडा “आज रविवार, बंद” म्हणून फाटकावरून वळवला. रविवारी राजवाड्यात गर्दी असते हे मला माहीत आहे, अमरावतीच्या माणसाला कसं माहीत असणार? तिकिटांचे पैसे त्यांनी वाचवले. रंकाळा चालत्या गाडीतून दाखवला.

पन्हाळ्यावर पोचायला चार वाजले. वर आणखी एक वसुली, ‘युनेस्कोचं तिकीट’ माणशी १५० रुपये. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात पन्हाळा आहे, हे पेपरात सगळ्यांनी वाचलेलं. त्या अभिमानाच्या गोष्टीवर या लोकांनी धंदा काढला. युनेस्को कुठल्याही किल्ल्यावर तिकीट फाडत नाही. गडावर नाक्यावर जे काही घेतलं जातं त्याची छापील पावती मिळते. पावती नाही तर पैसे नाहीत. १,२०० रुपये गेले.

मामा निवृत्त शिक्षक आहेत. बाजीप्रभूंच्या पुतळ्यासमोर उभं राहून गाइड म्हणाला, “हितंच बाजीप्रभूंनी खिंड लढवली.” मामांनी सांगितलं की अरे, ती घोडखिंड, पावनखिंड, विशाळगडाच्या वाटेवर, १३ जुलै १६६०; इथून महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून रात्री निसटले. “तेच ते सर, जवळच हाय,” गाइड म्हणाला. शिवा काशीद कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्याने महाराजांचं सोंग घेऊन जीव दिला त्याचं नाव पन्हाळ्यावर उभ्या असलेल्या गाइडला माहीत नाही! मामा तिथेच ओळखून होते की हा गाइड नव्हे. त्यांनी ओळखपत्र मागितलं. तिथून गाइडचा आवाज बदलला.

तीन दरवाज्याशी मंडळी फोटो काढत असताना ड्रायव्हर आला. पुढच्या ठिकाणांसाठी जादा किलोमीटरचे ३,५०० रुपये आत्ता द्या, नाहीतर गाडी इथनंच परत. मामांनी नाही म्हटलं. मामांचं बरोबरच होतं. मंडळी दरवाजा बघून बाहेर आली तेव्हा गाडी नव्हती. मामींची पिशवी, त्यात मामांच्या साखरेच्या गोळ्या, एका चहाच्या टपरीवर ठेवून गेले होते. टपरीवालीने नातवंडांना पाणी दिलं, ओळखीच्या माणसाची व्हॅन बोलावली. कोल्हापूरपर्यंत १,८०० रुपये. मी ऑडिट सोडून निघालो तोवर ते वाटेत होते.

हिशोब असा : टूर १०,८००, दर्शन २,४००, युनेस्को १,२००, जेवण २,९६०, चप्पल २,८००, व्हॅन १,८००.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याविषयी. पहिल्या ठाण्यात ऐकून घेतलं आणि “ही देण्या-घेण्याची बाब आहे, दिवाणी आहे” म्हणून सांगितलं. खोटं तिकीट दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, गाडीने सोडलं ती हद्द आमची नाही. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायची तरतूद आहे. मी ते मोबाइलवर उघडून दाखवलं. साहेबांनी मोबाइलकडे बघितलंही नाही. “अर्ज ठेवून जावा.” पोच मागितली तर “पोच कशाला? आम्ही पळून चाललोय का?” शेवटी शिक्का मिळाला तो मी बाकड्यावरून उठलो नाही म्हणून.

बँकेत वेगळंच. “पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, पिन तुमचाच, आम्ही काय करणार?” पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने चालते हे ज्या सरकारी कार्यालयाने बघायचं, तिथे एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून जेवणाच्या सुट्टीवर. एका बाबूने तर मलाच विचारलं, “मामांना एसटीने का पाठवलं नाही?” माझ्याकडे त्यांचा फोन नंबर आहे, यूपीआय आयडी आहे, जावयांनी काढलेल्या फोटोत गाडीचा नंबर स्पष्ट आहे. परिवहनच्या अॅपवर मालकाचं नाव निम्मं झाकलेलं येतं, ते उघडून बघायचा अधिकार मला नाही, ज्यांना आहे त्यांना वेळ नाही. तीन धागे हातात देऊनही कुणी ओढून बघायला तयार नाही. आणि वर सगळे म्हणणार, लोक जागरूक नाहीत! मी जागरूक आहे, कागद घेऊन दारोदार फिरतोय, पुढे काय ते सांगा. पावतीवरच्या शाहूपुरीच्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही, माझ्याआधीही लोक विचारून गेलेत म्हणाला.

म्हणजे आम्ही एकटे नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. मी ठाण्याच्या नादात तो वेळ घालवला, कारण ठाण्यातच जायचं असतं असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. म्हणून अॅडव्हान्स देण्याआधी पत्ता घ्या आणि कोल्हापुरातल्या कुणाला तरी तिथे पाठवून खात्री करा. गाइडचं ओळखपत्र गाडीत बसण्याआधी बघा, गडावर पोचल्यावर नव्हे. पैसे दिवस संपल्यावर द्या. निम्मे आधी मागितले तर दुसरी गाडी बघा. आणि यादीत वाडी, खिद्रापूर, पन्हाळा एकाच दिवसात असेल, तर समजा की यादी करणाऱ्याने कुठेच न्यायचं नाही असं आधीच ठरवलंय.

मोबाइलच्या दुकानात विचारायला गेलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर तुमचीही तक्रार द्या, रक्कम १,३५० असो नाहीतर १३,५००. अर्जात यूपीआय आयडी आणि गाडीचा नंबर दोन्ही लिहा आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. माझ्या अर्जात हे दोन्ही आहेत. तेच नंबर चार अर्जांत आले, तर मग कुणाला हद्दीचं कारण सांगता येणार नाही.