ट्रिप प्लॅनर ॲप: दिवाळीपासून वापरतेय, खरी परीक्षा कोचीत झाली

गेल्या दिवाळीत ऑफिसातल्या एका मैत्रिणीने फारच कौतुक केलं म्हणून हे ॲप घेतलं. फुकटवाल्यात ऑफलाइन नकाशा मिळत नव्हता, म्हणून वर्षाचे पैसेही भरले. नाव मुद्दाम देत नाहीये. तक्रारी बऱ्याच आहेत आणि कोणाशी वाद घालायचा नाहीये.

आधी चांगलं सांगते. तिकिटाचा किंवा हॉटेलचा मेल त्याला पुढे पाठवला की सगळं तारीखवार लागतं. आईच्या फोनवरही तीच यादी दिसते, त्यामुळे "विमान कितीचं गं?" हा प्रश्न घरात जवळपास बंद झाला. खर्चाची वाटणी उत्तम. मावशी आणि आई यांच्यात पैशांवरून जो प्रेमळ तंटा व्हायचा, तो आता ॲप मिटवतं. एवढ्यासाठीसुद्धा काही जण पैसे देतील.

मुख्य जाहिरात मात्र ‘रूट लावा’ या बटणाची आहे. ठिकाणं टाकायची, बटण दाबायचं, दोन दिवसांचा कार्यक्रम तयार. कोचीसाठी मी तेच केलं. पुण्याहून कोचीला थेट विमान आहे. पूर्णा एक्स्प्रेस आहे, पण ती आठवड्यातून एकदाच आणि दिवसाहून जास्त वेळ घेते, म्हणजे दोन दिवसांच्या सहलीला निरुपयोगी. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी रात्री परत, असा नोकरदार पुणेकराचा ठरलेला बेत.

बटणाने मट्टनचेरीचा राजवाडा आणि परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) ही जोडी शनिवारी टाकली आणि फोर्ट कोची रविवारी सकाळी. नकाशावर बघाल तर अगदी बरोबर. राजवाडा आणि सिनेगॉग एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. फक्त शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सिनेगॉगला कुलूप. शुक्रवारी दुपारनंतरही तेच. राजवाडा शुक्रवारी बंद. आणि फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना, त्या वेळी पर्यटक म्हणून आत भटकता येत नाही. म्हणजे बटणाने लावलेला क्रम बरोब्बर उलटा करायला हवा होता: फोर्ट कोची शनिवारी, मट्टनचेरी रविवारी. ॲपमध्ये प्रत्येक ठिकाणाच्या पानावर वेळा लिहिलेल्या आहेत हो! ‘शनिवार बंद’ हेही तिथेच आहे. पण क्रम लावताना ते स्वतःचंच पान वाचत नाही.

हाताने फिरवला क्रम आणि रविवार सार्थकी लागला. सिनेगॉग १५६८ चं. आत चपला काढून जायचं, आणि पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या. आई खाली वाकून एकीची दुसरीशी तुलना करत राहिली, कुठे झाडाची फांदी वेगळी, कुठे फूल. पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, १८६७ चं, आपण बसमधून आयुष्यभर बाहेरूनच बघतो, हे तिथे आठवून जरा ओशाळायला झालं. दुपारी एक ते तीन सिनेगॉग बंद असतं, त्याबद्दल पुणेकराने तक्रार करायची नसते. तेवढ्या वेळात राजवाडा बघून घ्यायचा. हा पोर्तुगिजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून डच पॅलेस. भिंतीवरच्या रामायणाच्या चित्रांसमोर सावकाश उभं राहा. ॲप याला अर्धा तास देतं, मावशीने एकट्या त्या खोलीलाच तेवढा दिला.

दुसरी गोम पाण्याची. कोची म्हणजे खाड्या आणि बेटं, आणि ॲपला रस्ता सोडून काही दिसत नाही. आम्ही हायकोर्टजवळून वॉटर मेट्रोने वायपीन बेटावर गेलो. २०२३ साली सुरू झालेली ही सेवा, वातानुकूलित बोटी, स्वच्छ, उगाच घाई नाही. वायपीनच्या धक्क्यावर उभं राहून मी फोर्ट कोचीचा रस्ता विचारला, तर ॲपने एर्नाकुलममधून, विलिंग्डन बेटावरून, तोप्पुमपडीवरून असा वळसा दाखवला. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाचं बेट असा त्या विलिंग्डनचा इतिहास मस्त आहे, पण आत्ता तिकडे कशाला? आई म्हणाली, "अगं, समोर दिसतंय ते. एवढं लांब गाडीने?" समोर खरंच फोर्ट कोची होतं. गाड्या, स्कूटर, माणसं सगळ्यांना घेऊन जाणारी फेरीबोट, दाभोळ-धोपावेला असते तशी, काही मिनिटांत पलीकडे.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरच्या, मासे धरायच्या चिनी जाळ्यांना ॲपने दहा मिनिटं ठेवली होती. फोटोपुरती ठीक. पण जाळं वर येताना मागे दोरांना बांधलेले दगड एकामागून एक खाली कसे उतरतात, ते बघायला सकाळी लवकर जा. संध्याकाळी सूर्यास्ताची गर्दी फार. वास्को द गामा १५२४ साली कोचीतच वारला, त्याला आधी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरलं होतं. तिथला त्याच्या थडग्याचा दगड बघायला मात्र दहा मिनिटं पुरतात. परतीच्या दिवशी फोर्ट कोची ते विमानतळ चाळीसेक किलोमीटर आहे आणि मध्ये अख्खं शहर. ॲप सांगेल त्याच्या वर निदान तासभर धरा.

नंतर भाचीला मुंबई दाखवायची होती. डेक्कन क्वीनने जायचं आम्ही ठरवलेलंच होतं, तरी ॲप एक्स्प्रेसवेवरच अडून राहिलं. मग त्याने घारापुरी सोमवारी टाकली. लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेहून बोटीने तासाभराचा प्रवास करून बंद दारापाशी जायचं! इथे मला आश्चर्यही वाटलं नाही.

आता माझी पद्धत अशी: आधी कागदावर वार लिहायचे, कोणत्या वारी काय बंद ते, मग कुठे बोट आहे ते, आणि उरलेलं ॲपमध्ये भरायचं. ‘रूट लावा’ला हात लावायचा नाही. डोंगराकडच्या सहलीला, महाबळेश्वर वगैरे, ते बटण बरं चालतं. तिथे रस्ताच असतो.

दिवाळीत वर्ष संपतंय. पुन्हा वर्षाचं घेणार नाही, सहल असेल त्या महिन्यापुरतं घेईन. आणि तुम्ही घेतलंत तर एक बघा: आपोआप होणारं नूतनीकरण ॲपमधून बंद होत नाही, फोनच्या स्टोअरमध्ये जाऊन करावं लागतं, तेही मुदत संपायच्या आधी.