डोक्याला मार बसल्यावर: अंधारी खोली, थेट मैदान, की मोजून चालणं?

साखळी तुटते, मांडी धरायला वाकलेल्या पोराच्या कानशिलावर चढाईवाल्याचा गुडघा बसतो, आणि बाजूने कुणीतरी ओरडतं, "काय नाय झालं, पाणी मारा तोंडावर." सांगलीत संध्याकाळी कबड्डी शिकवताना मीही कैक वर्षं हेच ओरडत आलो. आता ओरडत नाही. खेळाडूला तिथल्या तिथे बाहेर बसवतो, आणि त्या दिवशी परत आत घेत नाही.

पण खरा घोळ तिसऱ्या दिवशी सुरू होतो. मिरजेत सीटी स्कॅन काढलेला असतो, तो नॉर्मल आलेला असतो, चिठ्ठीवर "आराम" लिहिलेलं असतं. आराम म्हणजे किती? नॉर्मल सीटीचा अर्थ आत रक्तस्राव किंवा कवटीला तडा दिसला नाही, एवढाच. मेंदूला बसलेला हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तो सीटीत दिसत नाही. मग घरात तीन मतं पडतात, आणि तिन्ही मतांची माणसं माझ्याकडे येतात.

पुढचं सगळं डॉक्टरांनी तपासलेल्या खेळाडूसाठी आहे. वारंवार उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठणारी झोप, झटके, हातापायात कमजोरी, बाहुल्या लहानमोठ्या, नाकाकानातून पाणी, यातलं काहीही दिसलं तर हे वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

पहिलं मत आजीचं: पडदे लावा, डोक्याला फडकं बांधा, पंधरा दिवस हलायचं नाही. यातले पहिले दोन दिवस आजीचं बरोबर आहे. पहिले 24 ते 48 तास अंग सैल सोडायचं. घरात हिंडणं-फिरणं, जेवायला उठणं चालतं, पण मोबाईल बाजूला. 12 ते 25 वयाच्या 125 जणांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2021 मध्ये आला. पहिले 48 तास स्क्रीनपासून लांब राहिलेल्यांतले निम्मे साडेतीन दिवसांत बरे झाले, बघत राहिलेल्यांतल्या निम्म्यांना आठ दिवस लागले. घरातल्या भांडणात हा आकडा मी हमखास वापरतो.

दोन दिवसांनंतर मात्र आजी चुकते. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनमधल्या, 2015 मध्ये आलेल्या एका अभ्यासात दोन गट तुलनेला घेतले होते. एकाला एक-दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला सक्तीची पाच दिवस. पाच दिवसवाल्यांनी तक्रारी जास्त सांगितल्या आणि त्या उतरायलाही वेळ लागला. माझ्याकडची एक सोळा वर्षांची मुलगी तीन आठवडे खोलीत होती. बाहेर आली तेव्हा एक जिना चढून तिला धाप लागली आणि घेरी आली. ती घेरी माराची की पडून राहण्याची, हे ना तिला सांगता येत होतं ना डॉक्टरांना.

दुसरं मत बापाचं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा प्रशिक्षकाचंही: दुखायचं थांबलं ना, मग चल मॅटवर. इथे मी तडजोड करत नाही. 2019 च्या लॉर्ड्स कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथची तपासणी झाली, त्यात तो पास झाला आणि परत फलंदाजीलाही आला. लक्षणं दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. तो सामन्याबाहेर गेला, त्याच्या जागी लाबुशेन आला आणि पुढच्या कसोटीलाही स्मिथला मुकावं लागलं. शेजारी डॉक्टर उभा असताना ही गत. आपल्याकडे जत्रेतल्या सामन्यात कोण उभं असतं? मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला सूज येऊन जीवही जातो, आणि धोका कोवळ्या वयात जास्त. ते टळलं तरी डोळा-पायाचा मेळ मंदावलेला असतो, त्यामुळे हादऱ्यानंतर गुडघे-घोटेही जास्त दुखावतात.

तिसरा मार्ग मोजून चालण्याचा. तो मधला वाटतो, पण तो मधला नाही, वेगळाच आहे. मार बसल्यावर मेंदूच्या पेशींना साखर जास्त लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठ्याचा ताळमेळ बिघडलेला असतो. म्हणून नाडी एका हद्दीपलीकडे गेली की डोकं ठणकायला लागतं. त्या हद्दीच्या आत रोज थोडा व्यायाम केला की हद्द हळूहळू वर सरकते. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी 13 ते 18 वयाच्या 103 खेळाडूंवर हे तपासलं. एका गटाला रोज वीस मिनिटं असा व्यायाम, दुसऱ्याला नुसतं अंग ताणणं. 2019 चा निकाल: बरं व्हायला 13 दिवस विरुद्ध 17. दुसऱ्या खेळाडूंवर पुन्हा केलं तेव्हा 14 विरुद्ध 19. चार-पाच दिवसांनी काय होतंय, असं कुणी म्हणेल. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की महिना उलटूनही त्रास रेंगाळणारी मुलं व्यायामाच्या गटात कमी निघाली. खेळातल्या कन्कशनवर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या परिषदेतल्या तज्ज्ञांनीही हाच कौल दिला.

मोजायचं कसं? निघायच्या आधी त्रासाला शून्य ते दहा गुण द्यायचे. चालताना दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात उतरला तर घाबरायचं नाही. त्याहून वाढला तर थांबायचं, उद्या कमी चालायचं. नाडीचा अंदाज 220 मधून वय वजा करून. सोळा वर्षांच्या मुलीला 204, त्याच्या 55 टक्के म्हणजे साधारण 112. भारी घड्याळ नको, मनगटावर पंधरा सेकंदांत 28 ठोके मोजले की झालं. हे सोसलं की हळूहळू 70 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 143 च्या आसपास.

आता व्यायाम कुठला, यात आपण सांगलीकर नशीबवान. आमराईत फेऱ्या मारा नाहीतर हरिपूरच्या रस्त्याला सावलीतून चाला, सपाट आहे. साताऱ्याच्या पाहुण्यांनी अजिंक्यताऱ्याची चढण आणि आपण दंडोबाचा डोंगर, दोन्ही पुढच्या आठवड्यावर ढकलावेत. चालतानाही घेरी येत असेल तर जागेवरची सायकल बरी, डोकं स्थिर राहतं. रस्त्यावरची सायकल नको, तोल गेला तर पुन्हा डोकंच आपटेल. पळण्यात प्रत्येक पावलाला डोक्याला हिसका बसतो, म्हणून ते नंतर. जोर मारताना डोकं खाली जातं आणि श्वास कोंडला जातो, त्यामुळे तेही नको; तालमीतल्या पोरांना हे सांगणं सर्वांत अवघड जातं. सूर्यनमस्कारांचंही तेच, शीर्षासनाचं तर विचारूच नका. कृष्णेत पोहणंही सध्या बंद. आणि चैत्र-वैशाखात सकाळी सातच्या आत उरका, कारण उन्हाने नाडी आपोआप चढते आणि हिशेब चुकतो.

घरी करायचं की फिजिओथेरपिस्टकडे? पहिलाच मार असेल, रोज थोडं बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगून घरचं चालणं पुरतं, उगाच पैसे घालू नका. पण पूर्वीही मार बसला असेल, अर्धशिशी असेल, किंवा दहा दिवस होऊनही मान आणि घेरी सुटत नसेल, तर जा. तिथे ट्रेडमिलवर वेग तोच ठेवून दर मिनिटाला चढ वाढवतात आणि त्रास कुठल्या नाडीला सुरू होतो ते नेमकं पकडतात. मान आणि तोलाचे व्यायामही देतात, आणि ते घरी अंदाजाने करण्यासारखे नाहीत.

मैदानाची घाई शाळा-कॉलेज पूर्ण वेळ जमेपर्यंत नको. नंतर एकट्याने चढाईची पावलं. इथपर्यंत किंचित त्रास चालतो, पुढे नाही. लक्षणं पूर्ण गेली आणि डॉक्टरांनी लेखी दिलं की हाताच्या स्पर्शापुरता सराव, मग पकड, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परत आला की पुन्हा एकट्याची पावलं.

गेल्या मोसमात एका वडिलांनी विचारलं होतं, "सर, निवड चाचणी नवव्या दिवशी आहे, तेवढी खेळू द्या की." मुलगी तेव्हा आमराईत 30 मिनिटं चालत होती, पण जोरात चालली की डोकं अजून दोनाचं तीन होत होतं. मी नाही म्हटलं. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.